मधले दार

थोरले बंधू आणि मी विभक्त झालो, त्यास आता अकरा वर्षे झाली. वाईच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा मोजणीदाराने माजघरात खडूची रेघ ओढली. देवघर दादांकडे गेले, विहीर आमच्याकडे आली. रेघ चार दिवसांत पुसली गेली. पुढे एका क्षुल्लक बोलाचालीवरून मी मधल्या दारास कुलूप घातले, ते मात्र राहिले.

२०२३ साली मुलीकडे कॅनडात गेलो असता तिने मला हॅस्केल ग्रंथालय दाखविले. कॅनडातील स्टॅनस्टेड आणि अमेरिकेतील डर्बी लाइन या दोन गावांच्या सीमेवर ही वास्तू उभी आहे. मार्था हॅस्केल या बाईंनी पतीच्या स्मरणार्थ, मुलाच्या साहाय्याने ती मुद्दाम तेथे बांधविली. हेतू हा की, दोन्हीकडच्या लोकांस तिचा लाभ व्हावा. १९०४ साली वरच्या मजल्यावरील नाट्यगृह सुरू झाले. त्याची रंगभूमी कॅनडात, आणि प्रेक्षकांच्या बहुतेक खुर्च्या अमेरिकेत!

खाली वाचनाच्या दालनात जमिनीवर एक काळी रेघ आहे. तीच देशांची सरहद्द. ग्रंथ कॅनडात, पण पुढचे दार अमेरिकेत. कॅनडाचे वाचक पदपथावरून चालत त्या दाराने आत येत. पासपोर्ट दाखवावा लागत नसे. आम्हीही तसेच गेलो. एक लहान मुलगी रेघेच्या दोहों बाजूंस पाय पसरून चित्रे पाहत बसली होती. मला आमचे माजघर आठवले. पण मुलीजवळ मी काही बोललो नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी ही जुनी सवलत आवरती घेतली. ऑक्टोबरपासून तर त्या दाराने यावयाचे म्हणजे कॅनडाच्या वाचकांस आधी सरहद्दीच्या चौकीवर जाणे भाग पडले. पण ग्रंथालयाने रेघेवर भिंत घातली नाही. कॅनडाच्या अंगास संकटकाळी बाहेर पडण्याचे दार होते, तेच वाचकांस खुले केले. दारे दोन झाली. दालन एकच राहिले.

वाटण्या व्हावयाच्याच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेथील दार परक्या सत्तेने अडविले होते. आमचे मी स्वतः अडविले होते. त्याच दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, मी कुलूप काढले. बिजागऱ्या गंजल्या होत्या. खांदा लावून ढकलू लागलो, तोच पलीकडून वहिनींचा आवाज आला,

“भावजी, जरा हळू. दाराशी फराळाचे डबे आहेत.”

डबे हलवीपर्यंत मी उंबऱ्याशीच थांबलो.