निळोण्याचे उतरते पाणी

2018 च्या उन्हाळ्यापर्यंत निळोण्याचा जलाशय माझ्या लेखी एक आकडा होता. टंचाई शाखेत काम करणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनापुढे रोज सकाळी जी विवरणपत्रे येत, त्यांत यवतमाळ शहराला पाणी पुरविणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन प्रकल्पांचा साठा दशलक्ष घनमीटरांत मांडलेला असे. कालच्या आकड्यातून आजचा आकडा वजा करून तो टिपणीत उतरविला, की त्या पाण्याचा आणि माझा संबंध दुसऱ्या दिवसापर्यंत संपे. त्या वर्षी मात्र आदल्या पावसाळ्याने दगा दिलेला, दोन्ही जलाशयांनी तळ गाठलेला आणि गल्लोगल्ली टँकरपुढे घागरींच्या रांगा लागलेल्या, अशा स्थितीत मे महिन्यातल्या एका रविवारी, ज्या पाण्याची आपण इतकी वर्षे वजाबाकी केली ते एकदा डोळ्यांनी तरी पाहावे, म्हणून मी वाघाडी नदीवरच्या त्या मातीच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

खाली भेगाळलेल्या गाळाचे पात्र पसरले होते, आणि मध्यभागी उरलेल्या पाण्याच्या पट्ट्याभोवती पक्ष्यांची अशी दाटी होती की क्षणभर मला तिचा अर्थच लागेना. पाणी उथळ होत गेले म्हणजे मासे, शिंपले आणि चिखलातले किडे चोचीच्या आवाक्यात येतात, हे मला पुढे कळले. त्या दिवशी एवढेच दिसले की शहरात ज्या आटण्याची धास्ती होती, त्याच आटण्यावर येथे बगळे, वंचक आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे आपला हंगाम साधून घेत होते.

सेवानिवृत्तीच्या दिवशी मुलीने कॅमेरा हाती दिला आणि तेव्हापासून रविवारची पहाट निळोण्याच्या काठी उजाडू लागली. दप्तराची सवय सुटत नाही. कोणत्या दिवशी पाणी कोठवर होते, कोणते पाहुणे हजर झाले, किती मुक्कामाला राहिले, याची मी नोंदवही ठेवतो. पक्ष्यांची मराठी नावे मला मारुती चितमपल्लींच्या पक्षीकोशाने शिकविली. अंगभर काळा पेहराव आणि कपाळी पांढरा टिळा घेऊन थव्याथव्याने पोहणाऱ्या पक्ष्याला वारकरी म्हणावे, आणि ज्या बदकाच्या काळ्या चोचीचे टोक हळदीत बुडविल्यासारखे पिवळे असून कपाळालगत चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके असतात त्याला हळदीकुंकू म्हणावे, ही नावे ज्या कोणी प्रथम उच्चारली असतील त्यांनी त्या पक्ष्यांकडे किती माया लावून पाहिले असेल! चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा 2020 पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि नेमके त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या जलाशयांवर चक्रवाकांच्या केशरी जोड्या उतरू लागतात.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक अपराध घडला, तो येथे नमूद केला पाहिजे. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाच्या काठी, ओल्या गवताच्या पट्टीवर, पट्टकादंबांचा एक थवा विसावला होता. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे हे हंस तिबेट आणि मंगोलियाकडच्या प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर त्यांच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. एवढा प्रवास करून आलेले ते जीव मान पिसांत घालून निजले असता, सगळा थवा एका चौकटीत यावा या हव्यासापायी मी रांगत रांगत पुढे सरकलो आणि शेवटी उभा राहिलो. कडेच्या पहारेकऱ्याने मान ताठ केली, एक घोगरा स्वर उमटला, आणि सारा थवा पाण्यावरून दूर निघून गेला. त्या दिवसाची छायाचित्रे मी जपून ठेवली आहेत. त्यांत पाठींखेरीज काही नाही. तेव्हापासून मी सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसतो आणि पक्षी जेवढा जवळ येईल तेवढाच घेतो.

परंतु बसायला जाण्यापूर्वी चालावे लागतेच. गेल्या मे महिन्यात कोरड्या पात्रातून, डोळा कॅमेऱ्याला लावून, एका नदी-सुरयामागे चाललो असता एक टिटवी कर्कश ओरडत डोक्यावर झेपावली. खाली पाहतो तो माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, खड्यांमधल्या उथळ खळग्यात, निमुळती टोके आत करून ठेवलेली चार अंडी! रंग मातीचा, वर काळपट डाग. ती न ओरडती तर पाऊल पडलेच असते. मी उलट्या पावली मागे येऊन एका बाभळीखाली बसलो.

ऊन असे की खड्यांवर हात ठेववत नव्हता. टिटवी परतली, पण अंड्यांवर बसली नाही. पंख किंचित उघडून, त्यांच्यावर सावली धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती पायीच पाण्याकडे गेली, पाण्यात उतरून पोटाची पिसे भिजविली, तशीच लगबगीने परत आली आणि ते ओले पोट अंड्यांवर टेकवून बसली. दुपारपर्यंत तिच्या अशा पाच खेपा मी मोजल्या. टिटवी देखील समुद्र आटविते, असे आपण म्हणतो. ही तर पिसांत मावेल तेवढे पाणी वाहून चार जीव वाचवीत होती. पाणी तिच्यापासून दोनशे पावलांवर होते. पुढच्या रविवारी ते अडीचशे पावलांवर गेले, आणि ज्या वजाबाकीला मी वर्षानुवर्षे केवळ आकडा समजत आलो, ती या पक्ष्याच्या प्रत्येक खेपेत वाढलेली पन्नास पावले होती, हे मला त्या बाभळीखाली उमगले.

टिटवीची अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा त्या जागेवरून चारचाकीच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. कोणी तरी पाण्याच्या कडेपर्यंत गाडी नेली होती. छायाचित्रांसाठी, की नुसत्या फेरफटक्यासाठी, सांगता येत नाही. खळग्यात कवचांचे चार-सहा तुकडे होते, आणि टिटवी दूर पाण्याकाठी एकटी उभी होती.

निळोण्यावर, बेंबळ्यावर, किंवा आपापल्या गावच्या तलावावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे: मार्च ते जून या महिन्यांत गाडी बांधाच्या वरच ठेवावी, आणि कोरड्या पात्रात उतरायचेच असेल तर कॅमेरा गळ्यात ठेवून, पायांखालचे खडे पाहत उतरावे.