मॉरिशसची बाजू

आमच्या नववीतल्या नातीला मॉरिशस मिळाला. म्हणजे काय, ते आधी सांगते. शहरातल्या शाळांमधून हल्ली 'मॉडेल युनायटेड नेशन्स' नावाचा कार्यक्रम असतो. मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं, संयुक्त राष्ट्रांसारखी सभा भरवायची, ठराव मांडायचे, मतदान करायचं. देश आयोजक वाटून देतात. "मला असं वाटतं" म्हणायचं नाही, "मॉरिशसचं म्हणणं असं आहे" म्हणायचं. हिच्या मैत्रिणीला फ्रान्स मिळाला, वर्गातल्या एका मुलाला ब्रिटन. आमच्या बाईसाहेब फुरंगटून बसल्या होत्या. "आजी, नकाशात तो दिसत पण नाही गं!"

ती पनवेलहून रोह्याच्या गाडीने दोन दिवसांसाठी कासूला आली आणि तिची तयारी माझ्या पदरात पडली. जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला, तोही मराठी माध्यमात. इंग्रजी मी शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचते. पण सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो, वाक्यं निसटत नाहीत.

वर्गात मी मुलांना सांगायचे, परका देश समजून घ्यायचा तर आधी आपल्या मापाने मोजा. म्हणून पहिलं गणित तेच केलं. मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या रायगड जिल्ह्याचं ७,१५२. म्हणजे रायगडात साडेतीन मॉरिशस मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेतल्या रायगडच्या निम्म्याहून कमी. आणि तरीही महासभेत त्याचं एक मत, चीनचंही एकच. हे ऐकल्यावर बाईसाहेबांचा फुगा जरा उतरला.

मग माणसं. १८३५ मध्ये इंग्रजांनी तिथली गुलामी बंद केली, पण उसाच्या मळ्यांना मजूर हवेतच. १८३४ पासून कराराने बांधलेले मजूर हिंदुस्थानातून नेले जाऊ लागले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, त्यात आपली मराठी माणसं होती. त्यांच्या वंशजांची मुलं आजही तिथे शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गणपतींच्या पेणजवळ राहणाऱ्या मुलीला आणखी काय हवं? "मग हा देश आपलाच की!" म्हणाली.

खरा अभ्यास त्यानंतर सुरू झाला. सभेचा विषय होता वसाहतवादाचे उरलेले प्रश्न. मॉरिशसच्या बाबतीत तो म्हणजे चागोस बेटं. हकिकत थोडक्यात अशी. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत केली आणि बदल्यात ३० लाख पौंड दिले. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. स्वातंत्र्याच्या आधी वसाहतीचे तुकडे करू नयेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९६० च्या १५१४ क्रमांकाच्या ठरावात लिहिलेलं होतं. तरी ते झालं. मॉरिशस भांडत राहिला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं, की ही तोडणी तिथल्या लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेने झालेली नव्हती. त्याच वर्षी २२ मे रोजी महासभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, भारतही. विरोधात फक्त सहा. आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या. बेटांवर सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर.

एवढं जमल्यावर नात खूश. आकडे पाठ, ठरावांचे क्रमांक पाठ. "आजी, आपली बाजू शंभर टक्के बरोबर आहे!"

मी विचारलं, "त्या बेटांवर कोण राहत होतं?"

तर तिथे होती दीड-दोन हजार माणसं. नारळाच्या बागांत काम करण्यासाठी फ्रेंचांच्या काळात आणलेल्या गुलामांची बहुतांश मुलं-नातवंडं. पिढ्यान् पिढ्या तिथेच जन्मली, तिथेच पुरली गेली. तळासाठी १९७३ पर्यंत या सगळ्यांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. त्यांची कुत्रीही मारून टाकली. आणि कागदावर काय लिहिलं? हे कायमचे रहिवासी नाहीत, कंत्राटी मजूर आहेत. मंडळी, हे वाक्य मी दोनदा वाचलं. शब्दकोश लागला नाही.

लिझबी एलिझे नावाच्या एका बाईंची साक्ष २०१८ मध्ये न्यायालयात चित्रफितीवर दाखवली गेली. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून क्रिओल बोलीत तोंडी सांगितलं. विसाव्या वर्षी, चार महिन्यांच्या गरोदर असताना, थोडे कपडे घेऊन रात्रीच्या काळोखात जहाजात चढवलं. पुढे ते मूल वाचलं नाही.

नात म्हणाली, "पण आजी, २०२५ च्या करारात या लोकांना विचारलं का?" शोधलं. करार दोन सरकारांमधला. आपल्याला चर्चेत घेतलं नाही, अशी त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार आहे. "पण मी मॉरिशस आहे ना? मी ते कशाला बोलू?"

प्रश्न रास्त होता. तिला मी आपल्या तालुक्यातलीच गोष्ट सांगितली. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी इथली शेती जाणार होती, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं होतं. जमीन द्यायची की नाही, हे सरकारने शेतकऱ्यांना विचारलं. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं माहेर त्यातल्याच एका गावात. त्या दिवशी नवीन लुगडं नेसून भावासोबत गेल्या होत्या. तो प्रकल्प काही उभा राहिला नाही. विचारणं ही केवढी गोष्ट असते, हे मी तेव्हा पाहिलं. पण मत होतं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जाऊबाईंचं नाव नव्हतं, आणि भावाच्या शेतावर जन्मभर लावणी-कापणी करणाऱ्या बायकांचंही नव्हतं. विचारणाऱ्याच्या यादीतही कोणी तरी राहतंच.

तिने काही उत्तर दिलं नाही. रात्री उशिरापर्यंत लिहीत बसली. सकाळी पाहिलं तर ठरावाच्या मसुद्यात एक कलम वाढलं होतं: बेटांविषयी पुढचा कोणताही निर्णय चागोसच्या माणसांना विचारून व्हावा आणि परत जायचं असेल त्यांना जाता यावं. देशाची बाजू सोडली नव्हती, रुंद केली होती.

सभेत ब्रिटन झालेल्या मुलाने नेमकं तेच विचारलं, "तुम्ही तरी त्या लोकांना विचारलंत का?" ती म्हणे क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पुरेसं नाही. म्हणून हे कलम आहे." बक्षीस फ्रान्सला मिळालं. ठराव मात्र मंजूर झाला.

मागच्या आठवड्यात जाऊबाई आल्या होत्या. आता पंच्याऐंशीच्या आहेत, कान तिखट. मी त्यांना लिझबीबाईंची सगळी कथा सांगितली. शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "मग परत गेली का ती?"

मी म्हटलं, "गेली होती, २०२२ च्या फेब्रुवारीत. मॉरिशस सरकारने जहाजातून नेलं होतं. बेट पाहून आली."

"पाहून?" जाऊबाई म्हणाल्या. "स्वतःच्या घरी पाहुणी?"