बुधवार, शुक्रवार, रविवार

आमच्या शाहपुऱ्याच्या घरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे सामिष आहाराचे वार आहेत. आम्ही उभयता जन्माने आणि सवयीने शाकाहारी. त्यामुळे परिचित मंडळींच्या भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. खुलासा एवढाच की, हे वार पाळणारी व्यक्ती दिवाणखान्यात साठ लिटरांच्या काचेच्या पेटीत राहते. ती आफ्रिकेतील एक पाणबेडकी आहे.

२०२१ साली, घराबाहेर पडण्याची चोरी असलेल्या त्या दिवसांत, नातवाच्या हट्टापायी ही पेटी घरात आली. गप्पी माशांबरोबर दुकानदाराने अंगठ्याच्या पेराएवढा एक बेडूक दिला आणि ‘ही बटू जात आहे, एवढीच राहील’ असे छातीठोकपणे सांगितले. तीन-चार महिन्यांत गप्पी एकेक करून नाहीसे झाले आणि बेडूक मुठीएवढा झाला. नातवाने पुस्तके चाळून निदान केले. बटू जातीच्या पुढच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा असतो. आमच्या पाहुण्याची बोटे माणसासारखी सुटी होती. म्हणजे हा झेनोपस लेव्हिस, दक्षिण आफ्रिकेतील नखवाला बेडूक. पुढे आकारावरून ती मादी असल्याचेही ठरले आणि ‘बेडूकराव’ या नावाची ‘बेडूकबाई’ झाली.

हा प्राणी आपल्या ओळखीच्या बेडकासारखा नाही. तो जन्मभर पाण्यात राहतो, श्वासापुरता वर येतो. त्याला जीभ नाही, मिटता येतील अशा पापण्या नाहीत. डोळे डोक्याच्या माथ्यावर, सदैव आकाशाकडे लागलेले. मागच्या पायांच्या तीन-तीन बोटांना काळी नखे. अंगाच्या दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. त्यांतून पाण्याची हालचाल त्याला कळते. म्हणून गाळणीचा प्रवाह अगदी मंद ठेवावा लागतो, नाहीतर बिचाऱ्याला जन्मभर गोंगाटात राहिल्यासारखे होत असावे. ऋग्वेदातील मंडूकसूक्तात पावसाने हर्षभरित झालेले बेडूक वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणांसारखे वाटतात; आमची बाई पाऊस ओळखतही नाही. या जातीचा आवाज निघतो तोही पाण्याखाली, घड्याळाच्या टिकटिकीसारखा.

खरा प्रश्न होता अन्नाचा. सौभाग्यवतींनी प्रथम कणकेच्या गोळ्या देऊन पाहिल्या. बाईंनी दोन्ही हातांनी गोळी तोंडात कोंबली आणि तशीच थुंकली. मग बुडणाऱ्या गोळ्यांचा डबा आणला, तो चालला. परंतु खरी आवड गांडुळांची. आमच्या परसात गांडूळखताचा हौद आहे. म्हटले, घरचेच धान्य झाले. तर हौदातील लाल गांडुळे बाई तोंडात घेऊन परत टाकीत. ती जात अंगातून कडवट द्रव सोडते, हे मागाहून समजले. सौं.च्या अळूच्या वाफ्यातील साधी, मातकट गांडुळे मात्र दोन्ही हातांनी ओढून, लांब असेल तर मागच्या नखांनी फाडून, क्षणात फस्त होत. ‘अहो, ती शेतकऱ्याची मित्र असतात’, ही सौं.ची तक्रार रास्तच होती. शेवटी आळूमागच्या ओल्या कोपऱ्यापुरता तह झाला.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. हा प्राणी नेहमीच भुकेलेला दिसतो. काचेजवळ कुणी आले की धावून येतो, बोट बुडवले तर बोटही तोंडात कोंबू पाहतो. मी सकाळ-संध्याकाळ देत गेलो. जन्मभर दुसऱ्यांची खर्चाची प्रकरणे तपासणाऱ्या माणसाने घरी मात्र हात सैल सोडला. पाणी दुधाळ झाले, वास येऊ लागला आणि एका सकाळी बाई फुगून, निपचित तरंगताना दिसल्या. उरलेले अन्न व विष्ठा कुजून पाण्यात अमोनिया साचला होता. नातवाने आठवडाभर रोज थोडे थोडे पाणी बदलले. नळाचे पाणी क्लोरीन उडून जावे म्हणून बादल्यांतून दिवसभर उघडे ठेवायचे आणि मग घालायचे. बाई वाचल्या. पूर्ण वाढलेल्या बेडकीला आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच द्यायचे असते. वार कोणते हा प्रश्न सौं.नी निकालात काढला : ‘खाणाऱ्यांचे वार बुध, शुक्र, रवि. सोमवारी आणि एकादशीला माझ्या घरात जीवहत्या नको.’ एकादशी त्या वारी आली तर डब्यातील गोळ्याही मिळत नाहीत. बाईंना त्याने काही अपाय झालेला नाही.

दुसरा शत्रू भोपाळचा मे महिना. या जातीला सोळा ते चोवीस अंशांचे पाणी मानवते, बाहेर बेचाळीस. पेटी आतल्या खोलीत हलवणे, वर जाळी ठेवून तिच्यावर पंखा सोडणे, बाजूंना ओले पोते आणि पाण्यात बर्फाची बंद बाटली, एवढे केल्यावर पारा सव्वीसवर येतो. झाकणावर मात्र वजन हवेच. ही जात सुळकन निसटते आणि सोफ्याखाली सुकून मरते.

२०२३ साली नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि त्याच सुमारास माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. काही आठवडे पाण्यात हात घालायचा नाही. सौ. गांडुळाला हात लावणार नाहीत. शेजारचे स्नेही म्हणाले, ‘तालाब में छोड़ दीजिए साहब, पुण्य लगेगा। अकेली मेंढकी क्या कर लेगी?’ मला ते पटले, हे कबूल केले पाहिजे. एका संध्याकाळी झाकणाची बादली घेऊन मी शाहपुरा तलावावर गेलो.

काठावर जलपर्णी साचली होती. हीही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आणलेली. तेथे मला नातवाने सांगितलेली हकिकत आठवली. १९३०च्या सुमारास केपटाऊनमध्ये लान्सेलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगांतून पुढे असे लक्षात आले की, गर्भवती स्त्रीचे मूत्र या बेडकीला टोचले तर ती काही तासांत अंडी घालते. पुढची तीसेक वर्षे जगभरच्या इस्पितळांत गर्भपरीक्षेसाठी याच बेडक्या होत्या. १९६२ साली जॉन गर्डन यांनी याच जातीच्या पेशीतील केंद्रक अंड्यात घालून नवा बेडूक घडवला. त्या कामाला २०१२ साली नोबेल मिळाले. असा उपकारी प्राणी. पण प्रयोगशाळांतून आणि घरांतून सुटला आणि कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स येथील पाण्यांत ठाण मांडून तेथले मासे-टोळ खाऊ लागला. एकटी बेडकी वंश वाढवणार नाही, हे खरे. परंतु उभयचरांच्या कातडीला ग्रासणारी कायट्रिड नावाची बुरशी ही जात स्वतः फारशी आजारी न पडता बाळगू शकते. आणि ‘एकच तर आहे’ असे म्हणणारा मी काही एकटा नसेन.

पलीकडच्या चिखलातून आपले देशी बेडूक ओरडत होते. माझे वडील १९५६ साली, राजधानी बदलली तेव्हा, नागपूरच्या कचेरीतून भोपाळला आले. तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांत आम्ही वाढलो. पहिल्या पावसात तेथल्या खड्ड्यांत हळदीसारखे पिवळे बेडूक रात्रभर गजर करीत. पुढे त्यांचे पाय परदेशी जेवणासाठी इतके कापले गेले की, १९८७ साली निर्यातच बंद करावी लागली. उरलेल्यांच्या शेजारी ही बादली ओतायची?

मी घरी परतलो. सौ. दारातच म्हणाल्या, ‘आपणसुद्धा बाहेरूनच आलो की.’ मी म्हणालो, आपण बदलीच्या हुकमाने आलो, आणि कुणाच्या ताटातले ओढून घेतले नाही. निदान आपली तशी समजूत आहे. त्या हसल्या आणि बादली आत घेऊन गेल्या.

त्या आठवड्यांत बाईंना सौं.नीच जेवू घातले, पापड भाजण्याच्या चिमट्याने. तो चिमटा स्वयंपाकघरात परत गेला नाही. आम्ही दुसरा आणला. रोजच्या नोंदवहीतील त्या काळाची पाने त्यांच्या अक्षरात आहेत : ‘तीन खाल्ली. एक पळाले, वाफ्यात सोडले.’

ही जात पाळलेली असता पंधरा वर्षे सहज जगते, कधी त्याहून पुष्कळ अधिक. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. नातू ‘मी नेईन’ म्हणतो, पण त्याच्या पुण्याच्या खोलीत साठ लिटरांची पेटी कुठे ठेवणार? तूर्त मी विम्याच्या आणि घराच्या कागदांच्या फायलीत एक पान लावले आहे : वार, प्रमाण, पाण्याची रीत, झाकणावरचे वजन, आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारून, ‘तलावात सोडू नये’.

काल बुधवार होता. चार गांडुळे, सर्व खाल्ली. पाणी सव्वीस अंश.