काकांची ट्रंक

चतुर्थीच्या आधी काकूंनी माळा झाडायला काढला आणि मला निरोप धाडला, 'एकदा येऊन जा. तुझ्या काकांची एक ट्रंक आहे, हात लावायला भीती वाटते.'

खानापूर तालुक्यातले आमचे गाव जंगलाला अगदी चिकटून. काका जाऊन वर्ष होत आले होते. पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली त्यांची एकनळी बारा बोअर बंदूक दिवसकार्य उरकताच आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली होती. विषय संपला, असेच समजत होतो.

ट्रंक उघडली आणि लहानपणच समोर आले. कागदी नळीची रिकामी काडतुसे, पितळी माप, नमद्याच्या चकत्या, छर्‍यांची जड पिशवी, टोप्यांची डबी आणि घट्ट झाकणाचा दारूचा डबा. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचे, मूठ फिरवायचे ते लहानसे यंत्रही होते. भरलेल्या काडतुसाचे तोंड त्याने आत वळवून बंद करतात. काका काडतुसे भरायला बसले की कंदील दूर ओसरीवर जायचा, विडी ओढणार्‍याला अंगणाबाहेर काढले जायचे, आणि आम्ही पोरे उंबर्‍यापाशी श्वास रोखून उभी. तयार काडतुसे महाग पडत, म्हणून हा खटाटोप.

आता करायचे काय? चुलतभाऊ म्हणाला, 'मलप्रभेत सोडून मोकळा हो.' म्हणजे शिसे पाण्यात, आणि खाली गुरे पाणी पिणार! शेजारचे एक गृहस्थ तर विकतच मागू लागले. रानडुकरांनी त्यांचे अर्धे भात लोळवले होते, त्यामुळे त्यांना तोडून बोलवेना. माझा स्वतःचा विचारही काही शहाणपणाचा नव्हता. यंत्र आणि माप कॉलेजात काचेच्या कपाटात मांडावे, मुलांना जुनी वस्तू दिसेल, असे मला वाटत होते. इतिहास शिकवणार्‍याला प्रत्येक गंजका तुकडा 'साधन' वाटतो, हा आमचा रोगच.

कायदा शिकवणार्‍या सहकार्‍याने डोळे उघडले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे केवळ भरलेले काडतूस नव्हे. त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रेही त्यातच येतात. परवाना संपला की अशा वस्तू विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या. वर त्याने बजावले, 'पिशवीत घालून बसने नेऊ नकोस. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत असते, ठिणगी पुरते. टोपी तर नुसत्या ठोक्यानेही उडते.' आणि ती ट्रंक माळ्यावर, खाली काकूंची चूल! वर्षभर त्या तिथेच रांधत होत्या.

ट्रंक जागची हलवली नाही. ठाण्यावर जाऊन सांगितले. दुसर्‍या दिवशी फौजदार माणसे घेऊन आले. उशीर का झाला म्हणून चार शब्द ऐकवले, ते रास्तच होते. एकेक जिन्नस लिहून घेऊन पंचनामा झाला. काकू भिंतीला टेकून बघत होत्या. पितळी माप उचलले तेव्हा मात्र म्हणाल्या, 'तेवढं राहू दे की हो.' फौजदारांनी मान हलवली. काकू आत निघून गेल्या.

ट्रंकेच्या तळाशी काकांची एक वही होती. ती त्यांनी चाळून माझ्या हाती दिली. किती काडतुसे भरली, किती उडवली, कशावर, असा हिशेब. आमच्या घरात काकांच्या शिकारीच्या गोष्टी किती! त्यातल्या काही मीही वर्गात तिखटमीठ लावून सांगितल्या आहेत. वही १९७४ पासूनची. म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतरची. 'कशावर' या रकान्यात पानामागून पान एकच शब्द होता : 'हवेत'.

रात्री वही काकूंना वाचून दाखवली.

'मग काय तर,' त्या म्हणाल्या, 'आवाज झाला की डुकरं पळायची. तेवढ्यावर भागायचं आमचं.'