मोरपिसाची अळी

हिला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा पेन्सिल्व्हेनियात मुलाकडे येऊन आम्हांस अकरा वर्षे झाली होती. जीव वाचला, चालणेही बरेच सुधारले; परंतु उजव्या हाताची बोटे रुसली ती रुसलीच. उपचार करणाऱ्या बाईंनी मऊ गोळा दाबण्याचा व्यायाम दिला. चौथ्याच दिवशी हिने तो दूर सारला. "आयुष्यभर खरी कणीक मळली, आता हे खोटे पीठ कशाला?"

मजजवळ उत्तर नव्हते. खरे सांगावयाचे तर मीही थकलो होतो, चिडू लागलो होतो. ते ओळखून मुलाने फर्मान काढले : शनिवारी दोन तास बाबांनी स्प्रिंग क्रीकवर जावयाचे, आईजवळ मी बसेन.

चुनखडीतील झऱ्यांवर पोसलेला हा ओढा ऐन उन्हाळ्यातही गार असतो. ब्राउन ट्राउट तेथे विपुल. मात्र पकडलेला मासा परत सोडावयाचा, असा नियम आहे. ट्राउटचा बराचसा आहार पाण्याखालीच असतो आणि त्यात कॅडिस माशीच्या अळ्या मोठ्या प्रमाणात. काही अळ्या तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण जोडतात व स्वतःभोवती घर बांधतात. काही दगडांआड जाळे विणून बसतात. अशाच हिरवट अळीची नक्कल मी जेवणाच्या टेबलावर बांधत असे.

कृती सोपी आहे. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, पितळी मणी ओवावा आणि गळ व्हाइसमध्ये पक्का करावा. धागा गुंडाळून तांब्याची बारीक तार बांधावी. मग सशाचे हिरवे रंगविलेले केस धाग्याभोवती वळून अंग भरावे, त्यावर तारेचे वेढे द्यावेत, मण्यामागे मोरपिसाच्या एका तंतूचे दोन फेरे आणि शेवटी गाठ.

केस वळणे मला कधी साधलेच नाही. गाठोडे होई. ही शेजारी बसून पाहत होती. "अहो, वात अशी वळतात का?" असे म्हणून हिने डाव्या हाताने चिमूटभर केस घेतले, आणि उजव्याचा अंगठा व तर्जनी, बहुधा साठ वर्षांच्या सवयीने, आपोआप पुढे आली. वळले गेले ते अर्धेमुर्धेच. मी मान खाली घालून तार शोधण्याचे सोंग केले.

उपचारवाल्या बाईंना सांगितले, तर त्यांना मुळीच नवल वाटले नाही. चालू द्या, म्हणाल्या. एक सावधगिरी मात्र आम्ही पाळतो. बधिर बोटाला टोचलेले कळत नाही आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असले की रक्तस्राव लवकर थांबत नाही. म्हणून गळाचे टोक व्हाइसच्या जबड्यात झाकले जाईल असेच बसवितो. गळ काढणे-घालणे माझ्याकडे. पाण्यातही मी काठी टेकीत उतरतो, गुडघ्यापलीकडे नाही. शेवाळलेला दगड वय विचारीत नाही.

(स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांना हीच मासेमारी शिकविणारी 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था 1996 साली व्हरमाँटमध्ये सुरू झाली. गळ फेकण्याच्या हालचालीने हात व खांदा हळुवार मोकळा होतो, हा त्यामागील एक विचार.)

हिने वळलेली पहिली अळी घेऊन मी गेलो. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकावी, तळाजवळून पाण्याच्या गतीने वाहू द्यावी, दोरी जराही ओढू नये; दोरी थबकली की हळूच काठी उचलावी. तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या. चौथ्या खेपेस दोरी थबकली. ट्राउट वीतभराचा होता. हात ओले करून मी त्याला पाण्यातच धरले, गळ सोडविला; क्षणात तो दिसेनासा झाला.

घरी येऊन ती चावलेली अळी हिच्यापुढे ठेवली.

"सोडलात ना त्याला?"

"सोडला."

चष्मा लावून हिने अळी उलटसुलट पाहिली. "येथे सैल राहिले आहे," असे म्हणाली, आणि उजव्या हाताने केसांची डबी पुढे ओढली.