निशाणी नांगराची

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, ऐन बाजारच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल करून खतपत्रे जाळली, ही हकिकत इतिहासात दख्खनचे दंगे या नावाने नमूद आहे. दंगा म्हटले की रक्तपात डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्या लोकांचा रोख माणसांपेक्षा दस्तऐवजांवर होता, आणि जेथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी अक्षरांवरच एवढा रोष का धरावा, या प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही.

आमच्या घरच्या दप्तरात त्या काळचे एक कर्जखत आहे. मजकूर सगळा मोडीत, कोणा कारकुनाच्या सराईत हातचा. आणि तळाशी पणजोबांच्या नावापुढे, सहीच्या जागी, नांगराची आकृती, तीही लिहिणारानेच ओढलेली. कर्ज बैल आणि बियाण्यांसाठी. रक्कम हाती पडण्यापूर्वीच तीतून मनोती कापलेली, आणि तारण म्हणून पुतळ्यांची माळ लिहिलेली. ती माळ पणजीची होती. खतात तिच्या पुतळ्यांचे वजन आहे, तिचे नाव नाही.

या एका कागदामागे काय काय उभे होते याची संगती आज लावता येते. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाचे भाव गगनाला भिडले, त्या तेजीत कुणब्याची पत वाढली, आणि पत वाढली म्हणून कर्जही वाढले. युद्ध थांबताच भाव कोसळले, आणि त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून इंदापूर, भीमथडी या भागांत साऱ्याची नवी, चढी आकारणी सुरू झाली. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा असेल. परिणाम असा झाला की मुदत भरत आली म्हणजे सावकाराने व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यावे, आणि व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा दामदुपटीचा पूर्वापार नियम प्रत्येक नव्या खताबरोबर निष्प्रभ व्हावा. मुन्सफाच्या कचेरीत कुणबी बहुधा हजरच नसे. हुकूमनामा एकतर्फी होई, आणि मग जप्ती.

पणजोबांना यातले किती कळले असेल? आजी सांगे, त्या वर्षांत ज्वारी खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जाई, आणि पेरणीच्या वेळी तीच ज्वारी सवाईने मागून आणावी लागे. पोरांना आंबील पाजून पणजी स्वतः उपाशी शेतावर जाई आणि घरात कोणाला त्याचा पत्ता लागू देत नसे. अशा माणसांना अज्ञानी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कायदा त्यांनी वाचला नव्हता, पण आपल्या शेताची, बैलांची, पोटच्या पोरांच्या भाकरीची दोरी कोठे बांधलेली आहे हे त्यांनी बिनचूक ओळखले होते, आणि सुप्याच्या बाजारात त्यांनी हात घातला तो तेथेच.

1876 मध्ये पाऊस गेला आणि दोन वर्षांचा थोर दुष्काळ सुरू झाला. त्यानंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. न्यायाधीशाने खतापाशी न थांबता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासावा, आणि कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये, ही त्यातली कलमे त्या काळी खरोखर मोठी होती. सावकारांनी त्यातूनही वाट काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि परतीचा करार तोंडीच राहू लागला. आमचे ओढ्याकाठचे काळे रान अशाच एका खरेदीखताने गेले. पणजोबा त्यानंतरही तेच रान नांगरीत होते, त्याच सावकाराचे कूळ म्हणून, आणि दर सुगीला त्याला खंड घालीत होते.