पॅकिंग बदलायचं होतं

गेल्या उन्हाळ्यात माझी येझदी मोटरसायकल चढाला दम टाकू लागली. कात्रजच्या घाटात तिसऱ्यावर धापा टाकायची, दुसऱ्यावर यावं लागायचं. पिस्टन-रिंगा गेल्या, असं मीच ठरवून टाकलं आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुने पेपर अंथरले.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे हिला हात लावणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. खरं सांगायचं तर मिस्त्री शेजारी राहत असता तरी मीच खोललं असतं.

टू-स्ट्रोक इंजिन घरी खोलायला सोपं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टनच खाली-वर होताना ब्लॉकमधली भोकं उघडतो, झाकतो. हेडचे नट मात्र समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत जायचं. एकच पुरता काढला तर ॲल्युमिनिअमचं हेड वाकतं. घट्ट नट सुटताना ‘कट्’ आवाज येतो. तो न येता पाना मऊ मऊ फिरायला लागला की थांबायचं, आटे चाललेत. (एका स्टडचा बळी देऊन शिकलोय.)

ब्लॉक बोटभर उचलला की आधी क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं. हे मी दहा जणांना तरी सांगितलं असेल. त्या दिवशी फडकं होतं, पण एका बाजूला सरकलेलं. पिस्टनच्या पिनचं लॉक पक्कडीने दाबलं, ‘टिंग’ झालं आणि नखाएवढी ती तार दिसेनाशी झाली. लॉक नेहमी नवंच घालतात, जुन्याचा उपयोग शून्य. पण ते सापडल्याशिवाय इंजिन बंद करायची हिंमत होईना. आत पडलं असेल तर गाडी सुरू होताच सत्यानाश. चुंबक फिरवलं, टॉर्च मारला, पेपर झटकले. दीड तासाने ते माझ्याच पँटच्या दुमडलेल्या पायात सापडलं.

पिन ठोकायची नाही, कनेक्टिंग रॉडला मार बसतो. घरून कढत पाणी आणलं, त्यात भिजवलेलं फडकं पिस्टनला गुंडाळलं. पिस्टन तापून फुगला आणि जी पिन मघाशी जाम होती ती नुसत्या अंगठ्याने सरकली. एवढ्यासाठीसुद्धा मी इंजिन खोलेन.

मग रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोजली. 0.3 मिमी. उत्तम! 65 मिमीच्या बोअरवर एक रेघ नाही. आनंद व्हायला हवा होता. मी जरा हिरमुसलोच.

शेवटी सायलेन्सरमधल्या नळ्या ओढून काढल्या. भोकं काजळीने पार बुजलेली, खरवडली तर पापुद्रे निघाले. लिटरला 40 मिली पुरे असताना ‘थोडं जास्तच बरं’ म्हणून मीच दोन वर्षं पेट्रोलमध्ये ऑइल ओतत होतो. हे बघायला इंजिनाला हात लावायचीही गरज नव्हती.

संध्याकाळी सगळं परत जोडून किक मारली. दोन्ही सायलेन्सर मोकळ्या गळ्याने बोलू लागले. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.

“काय निघालं रे?”

“सायलेन्सर चोंदले होते.”

“मग इंजिन कशाला खोललंस?”

म्हटलं, “ब्लॉकचं पॅकिंग बदलायचं होतं.”